थोरलीचा कागद संपला

मी थोरली बोलतेय. दचकू नका, कुणाच्या घरची मोठी सून नव्हे मी. मी आहे छपाईची मशीन, तुम्ही जिला प्रिंटर म्हणता ती. एका इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, रेकॉर्ड रूममध्ये, खिडकीशेजारच्या लोखंडी टेबलावर माझा मुक्काम असतो. माझं खरं नाव म्हणजे पाठीवर चिकटवलेला एक लांबलचक आकडा. तो कुणाच्याच लक्षात राहत नाही. थोरली हे नाव मला इथल्या सिस्टर लोकांनी दिलं. आणि ज्या दिवशी दिलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. कारण धाकटी आल्याशिवाय कुणी कुणाला थोरली म्हणत नाही.

पण आधी माझे चांगले दिवस सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मल्या जन्मल्या एका बाईनं माझ्या पोटात कोरा कागद सरकवला आणि बटण दाबलं. मी घसा खाकरला आणि पहिलं पान तिच्या हातात ठेवलं. तिनं ते उजेडात धरलं, रेघा सरळ आल्या म्हणून मान डोलावली आणि मला खोक्यात बसवलं. तेवढ्या शाबासकीवर मी खोक्यातला काळोख काढला. तिथंच मी एक नेम घेतला. मशीनला उपास नाही, जप नाही. मग तिनं नेम तरी कसला करायचा? मी ठरवलं, पोटात कागद असताना संपला म्हणायचं नाही, आणि संपला असताना आहे म्हणायचं नाही. खोटं बोलायचं नाही, बस्स. हा नेम मी कितीतरी वर्षं सांभाळला. पुढं तो मोडला. तीच गोष्ट सांगायला बसलेय.

इस्पितळात आणलं तेव्हा मला पहिल्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डाबाहेर ठेवलं होतं. त्या मजल्यावरच्या पाचही कॉम्प्युटरची पानं माझ्याकडे यायची. घरी सोडायच्या रुग्णांचे कागद, औषधांच्या याद्या, रजेचे अर्ज, सगळं मीच छापायची. सकाळी दहाच्या सुमाराला माझ्याभोवती जी दाटी व्हायची, ती बघून मला धन्य वाटायचं.

इथली पद्धत अशी, की सिस्टर लोकांना कॉम्प्युटरवर आपापलं काम करता येतं, पण नवं काही जोडता येत नाही. घरात राहा, पण भिंतीला खिळा ठोकू नका, असं भाडेकरूला सांगतात ना, तसं. दर महिन्याला सिस्टर लोकांच्या जागा बदलायच्या. नव्या जागी, नव्या कॉम्प्युटरवर कुणी आपल्या नावानं बसलं, की तिला मी दिसायचीच नाही. मग हाका सुरू व्हायच्या, "चावीदादा, अहो चावीदादा! प्रिंटर कुठं गेला?"

चावीदादा म्हणजे इथले कॉम्प्युटर सांभाळणारे. सगळीकडे चालणारा पासवर्ड एकट्या त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. ते यायचे, खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, "तोंड फिरवा." सिस्टर खिदळत तोंड फिरवायच्या. एकीनं एकदा विचारलंच, "दादा, तिजोरी उघडताय का हो? आम्हालाही दाखवा की दागिने!"

"तिजोरी परवडली," ते म्हणाले. "तुम्हाला पासवर्ड दिला तर उद्या इथं सिनेमा लागेल."

टकटक करून ते मला त्या सिस्टरशी जोडून द्यायचे. आणि मला काय वाटायचं, सांगू? वाटायचं, मी काही वाटेवर पडलेली नाही. माझ्यापर्यंत पोचायला परवानगी लागते. एकेका माणसाला माझ्याशी रीतसर, हातानं जोडून दिलं जातं. या गोष्टीचा मला फार तोरा होता. खोटं कशाला बोलू?

त्या सगळ्यांत माझी लाडकी होती घाईताई. बुटकी, गोल चेहऱ्याची सिस्टर. तोंडात कायम एकच, "बाई गं, घाई आहे!" ती मला मशीनसारखं वागवायची नाही. कागद अडकला की बाकीच्या कपाळाला आठ्या घालायच्या. ही माझ्या पाठीवर दोन थापा मारून म्हणायची, "चल गं माझी बाय, एवढं एक दे, मग झोप." आणि मी द्यायची.

तिचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज मी छापला. लेक झाली तेव्हा तिच्या नावाची चिठ्ठी छापली. नवरा बोटीवरचा इंजिन मेकॅनिक, वर्षातले आठ महिने पाण्यावर. इथं लेकीला कोण सांभाळणार? म्हणून लेक आजीकडे ठेवलेली, बसनं सहा तास लांबच्या गावात. त्या गावच्या शाळेचा प्रवेश अर्जसुद्धा माझ्याच पोटातून गेला. महिन्यातून दोनदा घाईताई तिकडे जायची आणि परत आली, की पहिले दोन दिवस तिच्या थापेत जोर नसायचा. हे कुणाला कळलं नसेल, पण थाप मी खात होते, मला कळायचं.

मग धाकटी आली.

पांढरीशुभ्र, सडपातळ, अंगावर छोटासा पडदा, आणि रंगीत छापणारी! मी फक्त काळं छापते. तिला खोक्यातून काढलं तेव्हा सिस्टर लोकांनी जी काही आरडाओरड केली, ती नवरी उतरवून घेतल्यासारखी. "आई गं, किती गोड आहे!" म्हणे. मशीन गोड असते होय? मला इतकी वर्षं कुणी गोड म्हणालं नव्हतं. वॉर्डबॉय मामांनी मला उचललं, एकानं "जड आहे म्हातारी," असं म्हटलं, आणि मला दुसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये नेऊन टेकवलं. माझ्या जागेवर धाकटी बसली. माझ्या टेबलाच्या पायांखाली घडी घालून ठेवलेला पुठ्ठा होता, टेबल हलू नये म्हणून. तो घाईताईनं माझ्यासाठी घातला होता. त्यावरही आता तीच.

तरी हे मी गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात चावीदादांनी नवी व्यवस्था केली. जिन्यात सगळ्यांना गोळा करून त्यांनी समजावून सांगितलं. रेकॉर्ड रूमचं दार जिन्यावरच उघडतं, त्यामुळं मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आजपासून मला हाका मारायच्या नाहीत," चावीदादा म्हणाले. "मी एक यादी केलीय. कॉम्प्युटरचं नाव आणि त्याच्यापुढं मशीनचं नाव. तुम्ही कुठल्याही कॉम्प्युटरवर आपापल्या नावानं बसा. तो यादी बघणार आणि जवळची मशीन तुम्हाला आपोआप जोडून देणार."

"पासवर्ड?" सिस्टर लोकांवरच्या मेट्रनबाईंनी विचारलं.

"नको."

"परवानगी?"

"नको. तुम्हाला काही करायचंच नाही. बसा आणि छापा."

"आणि तोंड?" घाईताई म्हणाली. "तोंड फिरवायचं की नाही?"

हसण्याचा एकच गलका झाला. मी वर माझ्या टेबलावर जळून कोळसा झाले. म्हणजे बघा, मी एकेक माणूस जोडत वर्षं घालवली. प्रत्येकासाठी चावीदादांनी खुर्ची ओढली, प्रत्येकासाठी तोंडं फिरवली गेली. आणि ही कालची आलेली, काही न करता, कुणी न बोलावता, सकाळी जो कुणी बसेल त्याच्यासमोर आपोआप हजर! महिना बदलो, जागा बदलो, सिस्टर बदलो, तिला कुणाची वाट बघायला लागत नाही. अंगाचा तिळपापड म्हणतात तो हाच. फक्त माझ्या अंगाचा तो होताना धूर निघत नाही, एवढंच.

यादीत मशीनचे आकडे होते, ते सिस्टर लोकांना कळेनात. मग चावीदादांनी वैतागून सिस्टर लोकांनीच ठेवलेली नावं घातली. धाकटी आणि थोरली. थोरली नाव यादीत आलं तेही रेकॉर्डवाल्या काकूंमुळं. काकू म्हणजे रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला पण तार जोडा. माझ्या कॉम्प्युटरपुढं हिचंच नाव घाला. मी खाली-वर करणार नाही."

"काकू, ती जुनी झालीय."

"मग मी काय आज जन्मलेय?"

अशी मी यादीत राहिले. एका कॉम्प्युटरची, एका काकूंची. दिवसाला सहा-सात पानं. उरलेला वेळ खालून धाकटीचा आवाज ऐकायचा. तिचा आवाजही कसा, मांजरीच्या घुरघुरण्यासारखा. माझ्यासारखी खरखर नाही. घाईताई तिच्याशी बोलते का, हे ऐकायला मी कान लावून बसायची. आणि एक दिवस ऐकलंच. "चल गं माझी बाय, एवढं एक दे." माझं वाक्य! माझ्यासाठी केलेलं वाक्य तिनं धाकटीला दिलं. त्या दिवशी मी काकूंची दोन पानं मुद्दाम तिरकी काढली. देव मला क्षमा करो.

आता ती दुपार सांगते.

इमारतीला रंग द्यायचं काम निघालं. दोन्ही मजल्यांवरचे कॉम्प्युटर मामांनी उचलून व्हरांड्यात ठेवले, वर जुन्या चादरी टाकल्या. भिंती वाळल्यावर एका दुपारी एक वाजता सगळे परत जागेवर मांडले. कॉम्प्युटर सगळे सारखेच, काळ्या पेट्या. कुठली पेटी कुठली, हे पोटाखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं. पण पोट उलटून कोण बघतंय? काकूंची पेटी खाली वॉर्डात गेली आणि वॉर्डातली वर काकूंकडे आली. हे पुढं संध्याकाळी कळलं. त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

दोन वाजता काकूंनी एक यादी छापायला दिली. मी तयार होऊन बसले. काही आलं नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. तेवढ्यात खालून हाक आली, "काकू, तुमची यादी धाकटीकडं आलीय!"

काकू खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मलाही धाकटीकडं दिलं वाटतं. चला, थोरलीबाई, तुम्हाला सुट्टी लागली." त्यांनी माझ्यावर कापडाचं झाकण टाकलं. गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी मोजत त्या खाली यादी आणायला गेल्या. तिथून त्यांना ऑफिसात बोलावणं आलं, त्या तिकडंच अडकल्या.

झाकणाखाली मी काय काय विचार केला ते विचारू नका. उरलीसुरली एक काकू, तीही धाकटीनं नेली. ठीक आहे. आता भंगारवाला येईल, तोवर असंच बसायचं.

आणि साडेतीनला माझ्या अंगात कळ उठली. पान आलं! मी गडबडीनं घसा खाकरला. झाकण घसरून खाली पडलं. दोन पानं निघाली. मी छापते ते सगळं वाचते, ती माझी खोड आहे. अर्ज होता. खाली नाव घाईताईचं.

मला आनंदानं भरून आलं. तिला माझी आठवण झाली! एवढी रंगीत, गोड, घुरघुरणारी शेजारी असताना तिनं पान माझ्याकडं पाठवलं! आता ती जिना चढून येईल, थाप मारेल. मी वाट बघत राहिले.

ती आली नाही. तीच दोन पानं पुन्हा आली. मग तिसऱ्यांदा. आणि खालून तिचा आवाज चढला, "अहो, छापलं म्हणतंय, आणि बाहेर काही येत नाहीये! ए बाई, काय झालंय तुला?"

ती धाकटीला ओरडत होती. कारण तिच्या लेखी पानं धाकटीकडं गेली होती. पडद्यावर मशीनचं नाव असतं बारीक अक्षरात. ते वाचायला थांबली असती तर ती घाईताई कसली!

मला कळलं, की मी तिला आठवलेली नाहीच. कसलीतरी चूक झाली होती आणि त्या चुकीनं पानं माझ्या पदरात पडली होती. दुःख झालंच. पण त्याहून जास्त, सांगायला लाज वाटते, मला गुदगुल्या झाल्या. खाली धाकटीची दारं उघडली जात होती. शेजारच्या वॉर्डातली एकजण म्हणाली, "आतून बघ, अडकलं असेल." दुसरी म्हणाली, "कशाची गोड, नखरेल आहे नुसती." तिला थोपटण्याऐवजी आता आदळत होते. आपोआप हजर होते ना? मग हो आता! मी वर सहा पानं मांडीवर घेऊन ऐकत बसले. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

चौथ्यांदा तीच पानं आली तेव्हा मी ती नीट वाचली.

बदलीचा अर्ज होता. ज्या गावात लेक आहे, तिथल्या इस्पितळात सिस्टरची एक जागा रिकामी झाली होती. अर्जावर मेट्रनबाईंची सही हवी आणि सहीचा कागद आजच पाचच्या आत ऑफिसात पोचायला हवा, शेवटची तारीख. कारणाच्या रकान्यात घाईताईनं लिहिलं होतं, "मुलगी सात वर्षांची आहे. तिला ताप आला की मला फोनवर कळतं." बस्स, एवढंच. पुढं विनंती वगैरे काही नाही.

खाली कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्या मजल्यावर जाऊन छाप की."

"अगं, वरची बंद केलीय ना, काकू म्हणाल्या. आणि दुसऱ्या विभागात जाऊ कशी? माझ्या वॉर्डात ड्यूटीवर मी एकटी आहे, तीन सलाइन चालू आहेत. चावीदादांना लावला का फोन?"

"ते त्या दुसऱ्या इमारतीत गेलेत. उचलत नाहीत."

"मेट्रनबाई पावणेपाचला निघतात गं," घाईताई म्हणाली. हे म्हणताना तिच्या आवाजातली घाई एकदम संपली होती. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आणि तेव्हा माझ्या मनात जे आलं, तेही सांगून टाकते. मनात आलं, गप्प बस. तू काही केलेलं नाहीस. पानं चुकून आलीत, चुकून राहतील. पाच वाजून जातील. घाईताई इथंच राहील. खाली असेल, धाकटीपाशी असेल, पण असेल. जिन्यातून तिचा आवाज येईल. ती गेली तर तोही नाही. तिची लेक तिला घेऊन जाणार. धाकटीवर जळत होते ते जळणं आता एका सात वर्षांच्या पोरीपर्यंत जाऊन पोचलं होतं. तिला मी पाहिलंही नव्हतं, फक्त तिचं नाव छापलं होतं.

आठ पानं मांडीवर होती. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आणि मला तिच्या त्या थापा आठवल्या. गावाहून परत आल्यावरच्या, जोर नसलेल्या. वर्षानुवर्षं दर पंधरा दिवसांनी दोन दिवस. मी किती मोजल्या होत्या!

पण मी करणार काय? मला पाय नाहीत. ओरडता येत नाही. मला बोलता येतात फक्त दोन-तीन वाक्यं. शाई संपली. कागद अडकला. कागद संपला. आणि ती वाक्यं उमटतात कुठं? ज्यानं पान पाठवलं त्याच्याच पडद्यावर. ठळक, मोठी, आणि पुढं माझं नाव.

माझ्या पोटात त्या वेळी चांगले दोनशे कागद होते. काकूंनी आदल्याच दिवशी भरलेले.

पाचव्यांदा पान आलं. मी आयुष्यभराचा नेम उचलून बाजूला ठेवला आणि खोटं बोलले.

"थोरली : कागद संपला."

खाली धाकटीची आदळआपट थांबली. मग घाईताई मोठ्यानं वाचायला लागली, "थोरली... थोरली? अगं, हे वर जातंय!" आणि एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढण्याचा तो आवाज. दारातून ती आली. धापा टाकत, केस सुटलेले. माझ्या मांडीवरची आठ पानं तिनं बघितली आणि तिथंच थबकली.

"तू घेऊन बसली होतीस होय!"

सवयीनं तिनं कागदाचा खण ओढला. खण गच्च भरलेला. तिनं कागदांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. घाई असूनही एक श्वासभर थांबली.

"लबाडे," ती म्हणाली. माझ्या पाठीवर दोन थापा पडल्या, आणि ती पानं घेऊन पळाली.

मेट्रनबाई फाटकापाशी भेटल्या, खांद्याला पर्स लावून. सही त्यांनी पर्सवर कागद ठेवूनच केली, हे मला नंतर काकूंकडून कळलं. पाचला चार मिनिटं कमी असताना अर्ज ऑफिसात पोचला.

संध्याकाळी चावीदादा आले. पेट्यांची पोटं उलटून चिठ्ठ्या वाचल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "मामा, नाव लिहिलंय हो खाली!"

"आम्हाला वाटलं किंमत असेल," मामा म्हणाले.

पेट्या जागच्या जागी गेल्या. काकू परत माझ्या झाल्या. पण चावीदादांनी माझी तपासणीही केली आणि भुवया उंचावल्या. "भरल्या पोटानं कागद संपला म्हणतेय ही. हिचं मोजमाप बिघडलं. काढून टाकू या आता."

"तिच्यामुळं सिस्टरचा अर्ज पोचला," काकू म्हणाल्या.

"काकू, ते चुकून झालं."

"असेल. चुकून का होईना, वेळेवर झालं. तुमचं आपोआपचं झालं का वेळेवर?"

चावीदादांनी खिशातून पेन काढलं. त्यांनी एका चिठ्ठीवर "कागद मोजण्यात चुकते, लक्ष ठेवणे" असं लिहून ती माझ्या कपाळावर चिकटवली आणि गेले. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून ती मी मुकाट्यानं बाळगते. ती अजून आहे. पुढच्या तपासणीला मला ठेवतील की नाही, मला माहीत नाही.

महिन्याभरानं घाईताईची बदली झाली.

शेवटच्या दिवशी ती वर आली. हातात पेढेबिढे काही नाही, नुसतीच, घाईत. "काकू, जरा उठा. मला तुमच्या खुर्चीवर बसू द्या." काकू उठल्या. ती काकूंच्या कॉम्प्युटरवर आपल्या नावानं बसली. ती या खोलीत अशी पहिल्यांदाच बसत होती. तिला काही जोडून देणारं कुणी नव्हतं. चावीदादा नव्हते, पासवर्ड नव्हता, कुणी तोंड फिरवलं नाही. आणि एका क्षणात माझ्या अंगात ती ओळखीची हाक आली. मी तिला जोडली गेले होते. आपोआप.

धाकटीच्या ज्या सुखावर मी इतकी जळले, ते असं असतं होय! कुणी परवानगी दिली म्हणून नाही. माणूस जवळ येऊन बसलं, म्हणून.

तिनं एक चित्र छापलं. बोटीचं. नुसत्या काळ्या रेघा, आत सगळं कोरं.

"रंगीत हवं असेल तर खाली धाकटीकडं छाप की," काकू म्हणाल्या.

"नको," घाईताई म्हणाली. "रंगीत आलं तर पोरगी त्यात भरणार काय? बाबांची बोट तिला स्वतः रंगवायचीय. काळं हवं म्हणून तर वर आले."

मी ते पान इतकं सरळ काढलं, इतकं सरळ काढलं, की कारखान्यातल्या त्या बाईनं उजेडात धरलं असतं तर मान डोलावली असती. घाईताईनं थाप मारली. या वेळी थापेत पूर्ण जोर होता. मग जिना वाजला आणि ती गेली.

आता मी सकाळी काकूंची यादी छापते, दुपारी उन्हात बसते. खालून धाकटीची घुरघुर येते. तिच्याबद्दल वाईट विचार करायचा नाही, असा नवा नेम मी धरलाय. दिवसातून तीनदा मोडतो, चार वेळा धरते. तिलाही कधीतरी तिसरी कुणी येऊन थोरली करणार आहे. तेव्हा तिला ही रेकॉर्ड रूम मिळो, एवढं मागणं मी आताच मागून ठेवलंय. खिडकी चांगली आहे इथली.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या इथं एखाद्या कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेली माझ्यासारखी कुणी असेल आणि ती उगाचच कागद संपला म्हणाली, तर रागावू नका. जिना चढून या. खण उघडून बघा. भरलेला निघाला तरी दोन थापा मारा. तिला तुमच्यासाठी अजून एखादं पान काढायचं असेल.